जिन्याखालच्या जागेचं अ‍ॅलोकेशन

मसुदेकर हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ती वाचायची तसदी कुणी घेत नाही. ऑफिसात ते पत्रांचे मसुदे करतात, म्हणून इमारतीतल्या कुणीतरी एकदा मसुदेकर म्हटलं आणि ते नाव असं चिकटलं की एकदा खुद्द त्यांच्या बायकोनेच फोनवर "हो, मसुदेकरांकडूनच बोलतेय" म्हणून सांगून टाकलं. मसुदेकरांनी वरवर कपाळाला आठ्या घातल्या, पण मनातून त्यांना बरं वाटलं. आडनाव काय, बापाकडून आयतं मिळतं. हे त्यांनी कमावलेलं होतं.

तर हे मसुदेकर एका इंग्रजी शब्दाच्या नादी लागले आणि पाहता पाहता त्यांनी अख्खी इमारत त्या नादाला लावली.

सुरुवात पंख्यापासून झाली. ऑफिसात त्यांच्या डोक्यावरचा पंखा तीन वर्षं बंद होता. "नवीन पंखा देण्यात यावा ही नम्र विनंती" असं पत्र त्यांनी सात वेळा वर पाठवलं आणि सातही वेळा ते "नोंद घेतली" असा शेरा लेवून परत आलं. मग नवीन साहेब आले. त्यांनी दीड ओळ लिहिली: "या विभागास एक पंखा अ‍ॅलोकेट करण्यात यावा." गुरुवारी पंखा आला. सोबत तो लावणारा माणूसही आला, आणि त्याने जाताना खाली पडलेला कचराही उचलला. मसुदेकर पंख्याखाली बसून त्या दीड ओळीकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षं आपण भिक्षांदेही करत होतो हे त्यांना त्या वाऱ्यात कळून चुकलं.

त्या दिवसापासून त्यांनी एक वही सुरू केली. जिथे जिथे तो शब्द दिसेल तिथून तो वहीत उतरवायचा. परिपत्रकं, अहवाल, वर्तमानपत्रं, औषधाच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या, काही सोडलं नाही. दोन महिन्यांत त्यांचा सिद्धान्त तयार झाला. 'द्या' म्हटलं की समोरच्याला वाटतं, आपल्या घरातलं जाणार. 'वाटप' म्हटलं की डोळ्यांपुढे रांग उभी राहते, आणि आपण त्या रांगेत शेवटचे असतो. पण 'अ‍ॅलोकेट' म्हटलं की वस्तू आधीपासून आपलीच असते, फक्त पोचायची राहिलेली असते. शिवाय हा शब्द कधी एकटा येत नाही. काय, कोणाला आणि कशासाठी, या तिघांना हाताला धरून येतो. त्यातला एक जरी गळला तरी वाक्य लंगडतं. जागा, वेळ, माणसं, पंखे ही अ‍ॅलोकेट होतात. सहानुभूती होत नाही. आणि त्याच्या शेजारी 'कृपया' बसवू नये, 'विनंती' तर मुळीच नाही. हे शेवटचं कलम त्यांनी लाल शाईने लिहिलं होतं.

असल्या माणसाच्या घरात जागेची अडचण निघावी, हा योग म्हणायचा.

अडचण होती जेवणाच्या टेबलाची. त्यावर बायकोचं शिलाईचं मशीन असायचं. सकाळी उचलून खाली ठेवायचं, चहा झाला की वर, जेवणाला खाली, मग पुन्हा वर. मशीन जुनं, जड, लोखंडी. उचलून उचलून बाईंची कंबर कामातून गेली होती. मसुदेकर अधूनमधून "सांभाळून हं" असं म्हणत, पण त्याने वजन कमी होत नसे.

एका शनिवारी ती टेबलापाशी उभी राहिली. एक हात मशीनवर, एक कमरेवर.

"दवाखान्याचं काम आलंय," ती म्हणाली. "वॉर्डाचे चाळीस पडदे. आजवर एवढं मोठं काम मला कुणी दिलं नव्हतं."

"वा," मसुदेकर म्हणाले.

"वा काय? या टेबलावर चाळीस पडदे होत नाहीत. तुम्ही जेवणार कुठे, मी शिवणार कुठे? आपल्या जिन्याखाली जागा रिकामी पडलीय. दिवा आहे, प्लग आहे. मशीन एकदा तिथे ठेवलं की उचलायला नको. पंधरा दिवसांत हो-नाही कळवायचंय त्यांना. जागा मिळाली तर घेते, नाहीतर नाही म्हणून सांगते."

'नाही म्हणून सांगते' हे तिने इतकं सहज म्हटलं की मसुदेकरांना जरा चर्र झालं. या बाईने आजवर किती ठिकाणी नाही म्हणून सांगितलं असेल, हा प्रश्न त्यांच्या मनात डोकावला. पण तो अडचणीचा होता, म्हणून त्यांनी त्याला बसायला दिलं नाही.

"मी आज सेक्रेटरींना विचारते," ती म्हणाली.

"विचारते? जागा अशी विचारून मिळते का? उद्या नाही म्हणाले की कायमचं नाही. तू मध्ये पडू नकोस. मी अर्ज करतो."

"अहो, तीन जिने उतरून विचारायचं तर आहे."

"तेच. विचारणं आणि अर्ज करणं यात फरक आहे," असं म्हणून मसुदेकरांनी वही काढली. बायकोने मशीन उचलून खाली ठेवलं, कारण जेवायची वेळ झाली होती.

अर्जाला चार दिवस लागले. 'काय' हे पहिल्याच दिवशी झालं: "तळमजल्यावरील जिन्याखालील, सहा फूट बाय चार फूट, विद्युतजोडणीयुक्त जागा." ही ओळ वाचून त्यांना स्वतःलाच ती जागा आवडू लागली. 'कोणाला' हेही झालं. गाडी अडली ती 'कशासाठी'पाशी.

याला कारण होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी मागे एकदा विचारलं होतं, "वहिनी बाहेरचं शिवणकाम घेतात का हो?" विचारण्यात वाकडं काही नव्हतं, बिचाऱ्यांना क्लिनिकसाठी दोन अ‍ॅप्रन हवे असावेत. पण मसुदेकरांच्या तोंडून निघून गेलं, "छे, छंद आहे तिचा. वेळ जात नाही ना." आता ज्या माणसाने सत्तावीस वर्षं ऑफिसात सगळ्यात खालच्या सहीच्या वर कधी मजल मारली नाही, त्याची प्रतिष्ठा ती केवढी असणार? पण जेवढी होती तेवढी ते जपून होते. छंदाला चाळीस पडदे लागत नाहीत, हे दंतवैद्यांना लगेच कळलं असतं.

म्हणून ते पेन चावत बसले. तिसऱ्या दिवशी पेन चावता चावता त्यांच्या दाढेवरची टोपी हलली. चौथ्या दिवशी वाक्य सुचलं: "कुटुंबाच्या सर्जनशील व तत्सम गरजांसाठी." 'तत्सम'मध्ये चाळीस काय, चारशे पडदे बसले असते.

सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. ते एका कारखान्याच्या भांडारातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी खिळे, पट्टे आणि ग्रीसचे डबे मोजून दिले होते, आणि ज्याची नोंद नाही ती वस्तू जगात नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती फक्त बारा बिऱ्हाडांची ही इमारत उरली होती, आणि तिच्यात मोजण्यासारखं फार काही नव्हतं. माणूस आतून वाळत चालला होता.

त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. मग चष्मा काढून पुसला.

"अ‍ॅलोकेट," ते हळूच म्हणाले. "किती वर्षांनी कागदावर बघतोय. आमच्या भांडारात रोज असायचा."

"मग जागा..." मसुदेकर म्हणाले.

"अशी कशी? नुसतं ठेवायला दिलं असतं तर गोष्ट वेगळी. तुम्ही अ‍ॅलोकेट म्हणताय. अ‍ॅलोकेट करायचं म्हणजे आधी साठा मोजायला हवा. आपल्याकडे एकूण आहे काय, तेच आपल्याला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी इमारतीत मापाची टेप घेतलेले सेक्रेटरी सर्वत्र दिसू लागले. गालफडं बसलेला तो माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली. इमारतीची सामायिक मालमत्ता पुढीलप्रमाणे: जिन्याच्या पायऱ्या बासष्ट. गच्चीवरच्या कपड्यांच्या दोऱ्या सहा. लिफ्ट एक, तिची सकाळची गर्दीची मिनिटं चाळीस. भिंतीतले मोकळे खिळे अकरा. गच्चीवरचं हिवाळी ऊन, सुमारे तीन खुर्च्या. आणि जिन्याखालची जागा एक. ज्यांना ज्यांना जे जे हवं त्यांनी अर्ज करावेत. दोऱ्या, लिफ्ट, पायऱ्या या तातडीच्या बाबींचा निकाल लगेच लागेल. जिन्याखालच्या जागेचा पुढच्या रविवारी, सर्वांसमक्ष. अर्जात 'अ‍ॅलोकेट' हा शब्द योग्य प्रकारे वापरलेला असावा, अन्यथा अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

"हे तुमच्यामुळे झालं ना?" बायकोने विचारलं.

"यंत्रणा हलली," मसुदेकर म्हणाले. त्यांना अजून आनंदच होत होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू सगळ्यात आधी आल्या. गच्चीवरची दुसरी दोरी त्या बावीस वर्षं वापरत होत्या.

"माझ्याच दोरीसाठी मी अर्ज करायचा?" त्या दारातच म्हणाल्या. "आणि तो शब्द मला काही जमत नाही बाई. तुम्ही लिहा. तुम्हीच आणलाय ना हा शब्द इमारतीत, मग निस्तरा."

मसुदेकरांनी लिहिला. चार ओळींत दोरीला असं रूप आलं की काकूंनी तो कागद पदराखाली घालून नेला. ही बातमी जिन्याने वर गेली आणि लिफ्टने खाली आली. त्यानंतर मसुदेकरांच्या घराची घंटा थांबेना. कुणाला छत्रीसाठी खिळा हवा होता, कुणाला उन्हातली खुर्ची. काकू दुसऱ्या खेपेला तीन पायऱ्यांसाठी आल्या, फोनवर बोलताना बसायला, आणि तिसऱ्या खेपेला लिफ्टच्या दोन मिनिटांसाठी. मसुदेकर लिहीत गेले. ऑफिसात त्यांच्या मसुद्यांखाली दुसऱ्याची सही पडायची. इथे लोक समोर बसून वाचत होते आणि मान डोलावत होते. दिवसाला पाच-सहा अर्ज होत. बायको मशीन वर-खाली करत होती आणि आल्यागेल्याला चहा देत होती. पंधरातले नऊ दिवस सरले.

तेवढ्यात दाढेवरची टोपी निघाली.

दंतवैद्यांच्या खुर्चीत मसुदेकर आडवे झाले. तोंड सताड उघडं, गालात कापसाचे दोन बोळे, ओठाच्या कोपऱ्यात लाळ ओढणारी नळी. अशा अवस्थेत दंतवैद्य म्हणाले, "बरं झालं आलात. आम्हीही एक अर्ज केलाय. जुनी खुर्ची आहे ना कोपऱ्यात, पायाने वरखाली होणारी, ती टाकवत नाही. वडिलांची आहे. पण नवं मशीन यायचंय, इथे ती मावत नाही. तेव्हा म्हटलं, जिन्याखालची जागा मागावी."

"आं," मसुदेकर म्हणाले. याचा अर्थ 'ती जागा मी मागितली आहे' असा होता, पण कापसातून तो पोचला नाही.

"वाचून दाखवतो, चूक असेल तर सांगा. 'आमची जुनी खुर्ची ठेवण्यासाठी जिन्याखालची जागा कृपया अ‍ॅलोकेट करून मिळावी ही नम्र विनंती.'"

मसुदेकरांच्या अंगावर काटा आला. दाढेत सुई असताना आला नव्हता. एका वाक्यात 'कृपया' आणि 'विनंती', त्यावर 'नम्र', आणि मध्ये तो शब्द बिचारा चेंगरून पडलेला. त्यांनी डोळे मिटले. गप्प राहावं, हा अर्ज असाच जाऊ द्यावा, जागा आपल्याला मिळेल, असं त्यांची बुद्धी सांगत होती. पण हात त्यांचं ऐकेना. त्यांनी दंतवैद्यांच्या हातातला कागद ओढला, छातीवर ठेवला, आणि आडव्या आडव्या खोडायला सुरुवात केली. 'कृपया' गेलं, 'विनंती' गेली. 'कशासाठी'पाशी पेन क्षणभर अडलं, आणि मग असं सुटलं की पानाच्या मागे गेलं: "इमारतीतील रहिवाशांच्या आकस्मिक दंतवेदनेच्या प्रसंगी प्रथमोपचाराकरिता, एक दंतासन कायम सज्ज ठेवण्यासाठी."

दंतवैद्यांनी वाचलं. मग हातमोजा काढून पुन्हा वाचलं.

"हे माझ्या डोक्यातही नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "आता वाटतं, कायम हेच होतं."

मसुदेकरांनी आडव्या आडव्या डोळ्यांनीच नम्रपणा दाखवला. घरी येईपर्यंत, म्हणजे एक जिना चढेपर्यंत, ते हवेत होते. दारात बायकोला मशीन उचलताना पाहिलं आणि खाली आले. तिला काही सांगायची हिंमत झाली नाही. सुदैवाने भूल उतरली नव्हती, त्यामुळे बोलायचा प्रश्न आला नाही.

इकडे तातडीच्या बाबींची अंमलबजावणी सुरू झाली होती. मसुदेकरांच्या बिऱ्हाडाला लिफ्ट सात दहा ते सात बारा अशी मिळाली. ते सात वाजून तेरा मिनिटांनी पोचले तर काकू लिफ्टच्या दारात आडव्या.

"तुमची वेळ गेली," काकू म्हणाल्या. "हे बघा, तुम्हीच लिहिलंय."

अर्ज खरोखरच इतका बिनतोड होता की मसुदेकर मुकाट्याने जिन्याकडे वळले. जिन्यातल्या तीन पायऱ्या काकूंच्या. त्या ओलांडायच्या म्हणजे एक ढांग टाकायची. बावन्नाव्या वर्षी ढांग टाकली की दुसऱ्या दिवशी कळते. दोऱ्यांच्या अर्जांत त्यांनी इतरांसाठी इतकी तळमळ ओतली होती की स्वतःच्या दोरीचा अर्ज करायचाच राहून गेला; परिणामी त्यांचा शर्ट खिडकीच्या गजाला वाळला, म्हणजे वाळला नाही. ओल्या शर्टाने ते ऑफिसात पंख्याखाली बसले आणि शिंकू लागले. गंमत म्हणजे त्यांना अजूनही त्या पंख्याचा अभिमानच वाटत होता.

घरी ते बायकोला म्हणाले, "काळजी करू नकोस. मी रविवारची सकाळ पूर्ण या विषयाला अ‍ॅलोकेट केलीय."

तिने दोरा दाताने तोडला आणि त्यांच्याकडे बघितलं. "दवाखान्यातून फोन आला होता. सोमवारपर्यंत सांगा म्हणाले."

रविवारी दहा वाजता सगळे तळमजल्यावर जमले. जिन्याखालच्या जागेत सेक्रेटरींनी टेबल मांडलं होतं, म्हणजे ज्या जागेचा निकाल लावायचा त्याच जागेत न्यायाधीश बसला होता. समोर नऊ अर्ज. प्रत्येकाच्या सहीवर कागदाची पट्टी चिकटवलेली. कुणाचा अर्ज आहे हे बघायचं नाही, आणि मजकूर ओळखीचा वाटला तरी ओळख द्यायची नाही, ही भांडारातली जुनी पद्धत.

नऊपैकी आठ मसुदेकरांच्या हातून गेले होते; दंतवैद्यांच्या अर्जाची ख्याती ऐकून बाकीचेही त्यांच्याकडेच आले होते. नववा त्यांचा स्वतःचा. मसुदेकरांची बायको भिंतीला टेकून उभी होती. बसली की तिला उठायला त्रास व्हायचा.

सेक्रेटरींनी एकेक अर्ज वाचला, लाल पेन्सिलने शेरे मारले. 'सायकली लावण्यासाठी': बरा. 'रद्दी साठवण्यासाठी': उंदीर होतील. पाचवा अर्ज त्यांनी उचलला आणि त्यांचा आवाज जरा कोरडा झाला.

"'कुटुंबाच्या सर्जनशील व तत्सम गरजांसाठी.' उद्देश मोघम. सर्जनशील म्हणजे काय? तत्सम म्हणजे त्याहून काय? शिवाय भाषा इतर अर्जांवरून उचललेली दिसते. नामंजूर." पेन्सिल कर्रकन् फिरली.

मसुदेकरांच्या तोंडचं पाणी पळालं. सत्तावीस वर्षांत कुणी त्यांच्या मसुद्याला उचललेला म्हटलं नव्हतं, आणि इथे तर ज्यांवरून उचलला म्हणत होते तेही त्यांचेच. हे ओरडून सांगावं की सांगू नये, याचा निर्णय होईना.

शेवटचा अर्ज वाचताना सेक्रेटरी उभेच राहिले. "'इमारतीतील रहिवाशांच्या आकस्मिक दंतवेदनेच्या प्रसंगी...'" काकूंचा हात नकळत गालाकडे गेला. "'एक दंतासन कायम सज्ज ठेवण्यासाठी.' याला म्हणतात उद्देश. मंजूर." टाळ्या पडल्या. आणि टाळी वाजवणाऱ्यांत, वाक्याच्या ओघात, मसुदेकरही होते.

दुसऱ्या टाळीला त्यांचं भिंतीकडे लक्ष गेलं. बायको त्यांच्याकडे बघत होती. ती रागावली नव्हती. तिला त्या वाक्यातला हात ओळखू आला होता. त्यांच्या लिखाणातला 'प्रसंगी' तिला लांबूनही कळायचा. तिने पदराने हात पुसले आणि खिशातला, म्हणजे पर्समधला फोन काढला. दवाखान्याला नाही म्हणून सांगायला.

"थांब," मसुदेकर म्हणाले.

सगळे वळले. मसुदेकरांनी खाकरून घसा साफ केला. वही वरच राहिली होती. कुठलंही वाक्य तयार नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते बिनमसुद्याचे बोलायला उभे होते.

"तो पाचवा अर्ज माझा आहे," ते म्हणाले. "म्हणजे माझा नाही, हिचा आहे. ही शिवते. छंद नाही तो, मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. काम आहे. घर निम्मं तिच्या कामावर चालतं आमचं. चाळीस पडद्यांची ऑर्डर आलीय. मशीन दिवसातून सहा वेळा उचलते, कंबर गेलीय तिची. तिला इथे मशीन ठेवायचं होतं. बस, एवढंच."

सेक्रेटरींनी पाचवा अर्ज पुन्हा वर काढला.

"मग हे अर्जात का नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"लाज वाटली."

"कशाची?"

मसुदेकरांनी विचार केला. पंधरा दिवसांपूर्वी याचं उत्तर होतं. आता शोधून सापडेना. "तेच आठवत नाही," ते म्हणाले.

सेक्रेटरींनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "तुम्ही त्या दिवशी आलात ना, तेव्हा मी 'ठेवा की' म्हणणारच होतो. जागा रिकामीच आहे. पण तुम्ही कागद पुढे केलात. कागद आला की मला काही सुचत नाही." मग त्यांनी रजिस्टरकडे हताशपणे पाहिलं. "आता नोंद झाली. खाडाखोड करता येत नाही."

दंतवैद्य कसनुसे झाले. "अहो, मी सोडतो जागा. पण मग खुर्ची कुठे नेऊ? वडिलांची आहे हो."

"सोडू नका," मसुदेकरांची बायको म्हणाली.

ती भिंतीपासून पुढे आली. जिन्याखाली वाकून तिने जागा बघितली, मग दंतवैद्यांकडे.

"तुमची ती खुर्ची वरखाली होते ना? पाठ मागे जाते?"

"जाते की. मानेलाही आधार आहे."

"मग आणून ठेवा इथे. मशीन पुढ्यात ठेवलं तरी मावतं. मला बसायला खुर्ची लागणारच आहे. कुणाची दाढ दुखली तर मी उठेन."

सेक्रेटरी हळूहळू खुलले. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: खुर्ची दंतवेदनेसाठी सज्ज. तोवर तिच्यावर शिवणकाम. खाडाखोड एकही झाली नाही. फोन पुन्हा पर्समध्ये गेला. सोमवारी बाहेर निघाला, तो 'हो' सांगायला.

खुर्ची खाली आणताना लिफ्टमध्ये अडकली, आणि ती नेमकी काकूंच्या दोन मिनिटांत. काकूंनी त्या खुर्चीतच बसून तो वेळ काढला आणि खाली आल्यावर आपल्या अर्जाचा कागद स्वतःच फाडला. त्यानंतर आठवड्याभरात लिफ्ट, दोऱ्या, पायऱ्या सगळं पूर्वीसारखं झालं. सेक्रेटरी आता पडदे मोजतात. रोज संध्याकाळी किती झाले त्याची फळ्यावर नोंद असते. पेडल दाबलं की खुर्ची वर जाते, दुसरं दाबलं की मशीन चालतं. सुरुवातीला एकदोनदा पेडल चुकलं आणि बाई पडद्यासकट वर जाऊन जिन्याच्या तळाला टेकल्या, पण आता हात, म्हणजे पाय, बसला आहे.

राहता राहिलं वरचं टेबल. ते आता रिकामं झालं म्हणून मसुदेकरांनी त्यावर वही, दौत, कागद असं सगळं पसरलं. दुसऱ्या दिवशी बघतात तर त्यावर पडद्यांचं कापड कापायला घातलेलं. मसुदेकरांनी सवयीने अर्ज लिहिला: "जेवणाच्या टेबलाचा पूर्वेकडील भाग अधोस्वाक्षरीकारास वैचारिक व तत्सम कार्यासाठी अ‍ॅलोकेट करण्यात यावा." संध्याकाळी तो कापडावर परत आला. वर शिंप्याच्या निळ्या खडूने शेरा होता: उद्देश मोघम.

मसुदेकरांनी शेरा दोनदा वाचला. मग त्यांनी तो उलटा केला आणि एका दमात लिहिलं: "टेबलाचा एक कोपरा मला अ‍ॅलोकेट करावा. पडद्यांना कड्या लावायला." खालून निळी खूण होऊन आली, आणि सोबत कड्यांचं खोकं.

परवा दंतवैद्य दाढेची टोपी बसली का ते बघायला घरी आले. मसुदेकर कोपऱ्यात बसून एकेक कडी ओवत होते. त्यांच्या मांडीवर अर्धा वॉर्ड पसरला होता.

"वा, तुम्हालाही छंद लागला वाटतं," दंतवैद्य म्हणाले.

"छंद नाही," मसुदेकर मान वर न करता म्हणाले. "ऑर्डर आहे आमची. बसा जरा, एवढा अठ्ठाविसावा होऊ दे."